चौदाव्या दिवशी कोण येतं?

आपल्या खानदेशात माणूस गेलेल्या घरी भेटायला जाण्याला ‘दारावर जाणं’ म्हणतात. जळगाव काय नि धुळं काय, या एका बाबतीत आपण बायका कधी चुकत नाही. निरोप आला की हातातलं काम टाकायचं, साधीशी साडी नेसायची, शेजारणीला पोरांवर लक्ष ठेवायला सांगायचं आणि मिळेल ती एस. टी. गाठायची. तिथे गळ्यात पडून रडायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, कारण आपल्याही घरी दिवाबत्ती असते. दशक्रियेला पुन्हा एक फेरी. उत्तरकार्य झालं, गंधमुक्ती झाली, अंगणातल्या सतरंज्या उचलल्या की आपलं कर्तव्य संपलं.

मीही इतकी वर्षं असंच समजत होते. चौदाव्या दिवशी त्या घरी कोण येतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडला माझ्या धुळ्याच्या मैत्रिणीमुळे.

आम्ही दोघी जळगावला बी. ए. ला एका बाकावर. लग्न होऊन ती धुळ्याला देवपुरात गेली, मी इथेच राहिले. गेल्या वर्षी आषाढात तिचे यजमान गेले. वय अवघं ४२. रात्री छातीत दुखलं, पहाटेपर्यंत सगळं संपलं. मी दुसऱ्या दिवशी दारावर गेले, दशक्रियेलाही गेले. घर माणसांनी भरलेलं. गल्लीतल्या बायका पाळीने पिठलं-भाकरी आणत होत्या, दीर सुरतेहून आलेले होते. निघताना मी तिचा हात हातात घेतला आणि आपण सगळ्याच म्हणतो तेच म्हटलं, “काही लागलं तर सांग हं.” तिने मान हलवली. मी समाधानाने गाडीत बसले.

दोन महिन्यांनी, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, एका रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच म्हणाली, “अगं, लाईटचं बिल कसं भरतात गं?”

मला आधी हसूच आलं. वाटलं, थट्टा करतेय. मग ती म्हणाली, “आज कापायला माणूस आला होता.” बिल नेहमी तिचे यजमान आपल्या फोनवरून भरायचे. फोनला कुलूप, आणि ते कसं उघडायचं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. दीर तेराव्यानंतर सुरतेला परत गेलेले. मुलांच्या शाळेची फी राहिलेली. पगार कुठल्या बँकेत यायचा, ठेवी आहेत की नाहीत, कर्ज आहे का, यातलं एक अक्षर तिला माहीत नाही. बी. ए. ला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवलेली बाई ही!

मी रागावलेच, “मला आधी का नाही सांगितलंस?”

तर म्हणाली, “तू म्हणाली होतीस, काही लागलं तर सांग. काय लागतंय तेच मला कळत नव्हतं, तर सांगू काय?”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आपलं ते वाक्य किती पोकळ आहे, हे मला तेव्हा कळलं. दुःखातल्या माणसावरच आपण आणखी एक काम टाकून येतो, तूच शोध, तूच माग! आणि मागायला जीभ कुणाची रेटते?

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तशीच स्टँडवर गेले. सोमवारची रजा टाकली होती. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जळगाव-धुळे फेरी आता फार जड जात नाही. गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी, एरंडोल, पारोळा मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आली होती. एरवी मी पिशवीत केळी नि बिस्किटांचे पुडे घेऊन जाते. या खेपेला पिशवीत होती एक फाईल, एक शंभर पानी वही, दोन पेनं आणि स्टेपलर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “परीक्षेला चाललात का?” म्हटलं, “हो, तसंच काहीसं.”

घरी गेले तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या. मला पाहून म्हणाल्या, “ये माय. माले काय समजस? तूच दख आते.” मी त्यांना सांगितलं, की तुमच्यासमोर बसूनच सगळं बघणार, लपवून काही नाही. हे आधी सांगितलं ते बरं झालं, कारण घरातल्या मोठ्या माणसाला वगळून कागदाला हात लावला की नसता संशय उभा राहतो.

सगळे कागद एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले होते. आम्ही ती पिशवी सतरंजीवर उपडी केली आणि ढीग लावले. बँकेचे एकीकडे, विम्याचे दुसरीकडे, घराचे तिसरीकडे, शाळेचे चौथीकडे. त्यातच मागच्या दिवाळीच्या सामानाची यादी निघाली, तिच्या यजमानांच्या अक्षरातली. रवा, बेसन, तेल, आणि सगळ्यात खाली, ‘हिच्या चपला’. तेराव्यापर्यंत कोरड्या डोळ्यांनी वावरलेली माझी मैत्रीण ते वाचून अर्धा तास रडली. मी काही बोलले नाही. मग तिने डोळे पुसले, यादीची घडी घातली आणि म्हणाली, “हा कागद फाईलमध्ये नको.” तिने तो आपल्या डब्यात ठेवला आणि आम्ही पुढच्या कागदाला हात घातला.

पासबुक वाचताना दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी दोन लहानशा रकमा कापलेल्या दिसल्या, एक ४३६ रुपयांची, दुसरी २० रुपयांची. ती म्हणाली, “बँकेचा काहीतरी चार्ज असेल.” तो चार्ज नव्हता, मैत्रिणींनो. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. वयाच्या ५५ वर्षांपर्यंत संरक्षण देणारा हा विमा आहे. माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. २० रुपयांचा हप्ता असतो तो सुरक्षा विमा योजनेचा. तो फक्त अपघातासाठी, त्यामुळे तिच्या उपयोगाचा नव्हता. दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या. कित्येक नवरे बँकेतल्या माणसाने सांगितलं म्हणून सही करतात आणि घरी सांगायचं विसरतात. पैसे कुणी मागितले नाहीत तर ते आपणहून चालत येत नाहीत.

तिचे यजमान एका खाजगी पेढीत हिशेब लिहायचे आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जायचा. तिला वाटे, फंड म्हणजे साठलेली रक्कम, एवढंच. पण नोकरीत असताना सभासद गेला तर त्या फंडाला जोडलेला विमाही असतो. १९७६ सालापासूनची ही योजना आहे, तिची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळा पैसा कापत नाहीत. शिवाय पत्नीला निवृत्तिवेतन आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांनाही. पेढीवाल्यांनी लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

पण सगळं काही सुरळीत झालं असं समजू नका. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं पडलं होतं, आधारकार्डावर दुसरंच. त्या एका अक्षरासाठी तीन फेऱ्या झाल्या. एका कचेरीत “साहेब नाहीत, उद्या या” हे दोनदा ऐकलं. माझी रजा संपली आणि पुढच्या शनिवारी मला परत जावं लागलं. घरी यांना आणि मुलांना आठवडाभर साध्या खिचडीवर भागवावं लागलं, ते वेगळंच. आणि एक अवघड क्षणही आला. बँकेतल्या जुन्या ठेवीवर वारसदार म्हणून सासूबाईंचं नाव निघालं, लग्नाआधी लावलेलं. खोलीत एकदम शांतता. माझी मैत्रीण खाली बघत होती. सासूबाईच म्हणाल्या, “माले काय करनं पैसासनं? पोरेसनं शे ते.” मला काय करायचे आहेत पैसे, पोरांचे आहेत ते. सगळ्याच घरी असं होत नाही, हे मला पुढे कळलं.

इथे कायदाही समजून घ्या. बँकेच्या ठेवीवर नाव लावलेली व्यक्ती पैसे स्वीकारते, पण तेवढ्याने मालक होत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा असतो.

दिवाळीच्या आधी विम्याचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले. माणूस काही परत आला नाही. पण फी भरली गेली, दुकानदाराची उधारी फिटली, आणि तिच्या आवाजातली ती भीती गेली.

जळगावला परतल्यावर मी हे सगळं आमच्या भिशीत सांगितलं. आम्ही अकरा जणी. प्रत्येकीला असं एखादं घर आठवलंच. एक जण म्हणाली, “उन्हाळ्यात बिबडे घालायला आपण एकमेकींकडे पाळीने जातो ना? एकटीने घाटा ढवळायचा म्हटलं तर हात गळून जातात. मग हे काम का नाही पाळीने करायचं?” तिथून सुरुवात झाली. आता आमच्या भागात कुठे असं घडलं की दारावर सगळ्या जातातच. पण पंधराव्या-सोळाव्या दिवशी दुपारी दोघी जणी पुन्हा जातात. नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. जिला फॉर्म भरता येतात ती फॉर्म भरते, जिला ते जमत नाही ती मुलांचा अभ्यास घेते किंवा त्या बाईबरोबर बँकेच्या रांगेत उभी राहते. रांगेत सोबत असणं ही किती मोठी मदत आहे, ते एकटी उभी राहिलेलीलाच कळतं.

आम्ही चार पथ्यं पाळतो. एक, कधीही एकटीने जायचं नाही. दोन, मूळ कागद आपल्या घरी आणायचा नाही. तीन, पिन किंवा ओटीपी विचारायचा नाही आणि तिलाही कुणाला सांगू द्यायचा नाही, कारण अशा वेळी फसवणारे फोन हमखास येतात. चार, किती पैसे मिळाले ते बाहेर बोलायचं नाही.

अपयशही येतं, बरं का. एका घरी दिराने दारातूनच परत पाठवलं, “आमचं आम्ही बघू.” ती बाई आत स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे डोळे अजून आठवतात. आम्ही काही करू शकलो नाही. एवढंच केलं की संक्रांतीला तिला तिळगूळ द्यायला गेलो. दार थोडं उघडलंय. बघू.

आता ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं टिपण देते. कापून ठेवा.

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना कळवतो, घरी गेला तर घरच्यांनी कळवायचं. उशीर झाला तर दंड, अर्ज, प्रतिज्ञापत्र हे सगळं मागे लागतं.

२. दाखला हातात पडताच नावातलं अक्षर न् अक्षर आधारकार्डाशी ताडून बघा. चूक असेल तर लगेच अर्ज द्या. दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा.

३. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. अडचण कितीही असली तरी ते नियमाला धरून नाही आणि पुढे वारसांत भांडणाचं कारण होतं. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशा पद्धतीचं असेल तर मात्र मागे राहिलेल्याला त्यातले पैसे मिळतात.

४. पासबुकं दोन-तीन वर्षं मागे जाऊन वाचा. विम्याचे हप्ते, पतसंस्थेचे हप्ते, कर्जाचे हप्ते तिथेच सापडतात. गृहकर्ज असेल तर त्याला विमा जोडला होता का, हे जरूर विचारा.

५. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. वारसदाराचं नाव नोंदलेलं असेल तर सगळे कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत पैशाचा निकाल लावावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हे नम्रपणे, पण ठामपणे सांगता येतं.

६. उत्पन्न तुटपुंजं असेल तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात.

७. खूप जुन्या, विसरलेल्या ठेवी बुडत नाहीत. दहा वर्षं कुणी हात न लावलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारस ती नंतरही मागू शकतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्‌गम’ नावाची सोय संगणकावर केली आहे.

हे झालं दुसऱ्याच्या घरचं. आपल्या घरचं काय? तुमच्यापैकी किती जणींना आपल्या घरातल्या ठेवींची ठिकाणं माहीत आहेत? खरं सांगा!

आपल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. माहेर असोद्याचं, सासर जळगावचं. ऐन तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं. अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर, शेतात गाणी आपोआप ओठांवर यायची. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने ती कागदावर उतरवली म्हणून उरली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. लिहून ठेवली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. घरच्या व्यवहाराचंही तसंच आहे. एकाच माणसाच्या डोक्यात जे असतं ते त्याच्याबरोबर जातं.

म्हणून मी एक वही घातली. यांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्या जाण्याची वाट बघतेस की काय?” सासूबाईंनाही ते अशुभ वाटलं. मी वाद घातला नाही. आधी माझीच पानं लिहिली. माझा पगार कुठे जमा होतो, भिशीचे पैसे कुणाकडे आहेत, दागिने कुठे ठेवलेत, एवढंच काय, दुधाचा हिशेब आणि गॅसची वही कुठे असते तेही. ती वही यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, “मी आधी गेले तर तुम्ही उपाशी राहू नये म्हणून.” हे हसले. चार दिवस वही तशीच पडून होती. पाचव्या दिवशी पाहिलं तर पुढची तीन पानं भरलेली. त्यातली दोन खाती मला ठाऊकच नव्हती! एकावर वारसदाराचं नाव नव्हतं, ते पुढच्याच आठवड्यात लावलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यावर चार जणांपर्यंत नावं लावता येतात, हेही लक्षात असू द्या. वहीत पिन किंवा पासवर्ड मात्र लिहायचे नाहीत. खाती, पॉलिसी, देणं-घेणं आणि कागद कुठे आहेत, एवढंच पुरे. दर दिवाळीला साफसफाई करताना ती वही एकदा उघडायची, की झालं.

जाता जाता एक सांगते. या संक्रांतीला मी माझ्या मैत्रिणीला जळगावला बोलावलं. हळदीकुंकवाला यायला ती कचरत होती. मी म्हटलं, “कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केली. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. आणि आपण बी. ए. झालेल्या बायका अजून कुंकवाच्या करंड्यापाशी अडतो?” ती आली. मी तिला सगळ्यांबरोबर हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. आमच्या भिशीतल्या एका वयस्कर काकूंनी आधी तोंड फिरवलं, पण जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

निघताना तिच्या हातात जाडजूड फाईल होती. म्हटलं, “अजून काय राहिलंय तुझं?”

म्हणाली, “माझं नाही गं. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी आहेत ना, त्यांचे यजमान गेले गेल्या महिन्यात. उद्या दुपारी त्यांच्याकडे जायचंय.”

मी तिला धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं. मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतलं एखादं घर आठवतंय का? मग उद्या दुपारचं आवरलं की जाऊन या. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका. ‘लाईटचं बिल भरलंय का?’ एवढंच विचारा.